वारसा आणि अभिनय : नूतन यांच्या चित्रपट-कारकिर्दीचा एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

मराठी भाषक समाजातून हिंदी चित्रपटसृष्टीत गेलेल्या अभिनेत्रींची परंपरा समृद्ध आहे. दुर्गा खोटे, शोभना समर्थ, नलिनी जयवंत, ललिता पवार, सुलोचना, शशिकला, नंदा अशी नावे या संदर्भात सहज आठवतात. या परंपरेत नूतन (४ जून १९३६ ते २१ फेब्रुवारी १९९१) यांचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. त्यांच्याविषयी मराठीत आस्थेने लिहिले गेले. तथापि या लेखनाचा मोठा भाग आठवणीपर आणि गौरवपर असून त्यात दोन विधाने पुन्हा पुन्हा आढळतात. पहिले म्हणजे, शोभना समर्थांची कन्या असल्यामुळे अभिनय त्यांच्या रक्तातच होता. आणि दुसरे म्हणजे, त्यांचा अभिनय 'नैसर्गिक' होता.

ही दोन्ही विधाने प्रशंसेच्या हेतूने केली जातात. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम विचारात घेतला तर एक विसंगती लक्षात येते. पहिले विधान अभिनयाचे श्रेय घराण्याला देते, तर दुसरे निसर्गाला. मग अभिनेत्रीच्या स्वतःच्या वाट्याला काय उरते? शब्दाची निवड, स्वराची पातळी, देहाची हालचाल, मौनाचा अवधी या सर्वांबाबत तिने घेतलेले निर्णय, म्हणजेच तिचे कलात्मक श्रम, या प्रशंसेत अदृश्य होतात. गायकाच्या बाबतीत आपण घराण्याबरोबरच रियाजाचाही उल्लेख करतो. अभिनेत्रीच्या बाबतीत मात्र जन्म आणि सौंदर्य यांवरच बहुधा थांबतो.

प्रस्तुत लेखात नूतन यांच्या सहा चित्रपटांचा प्राधान्याने विचार केला आहे : 'सीमा' (१९५५), 'सोने की चिडिया' (१९५८), 'सुजाता' (१९५९), 'बंदिनी' (१९६३), 'सौदागर' (१९७३) आणि 'मैं तुलसी तेरे आंगन की' (१९७८). घराण्याने नूतन यांना प्रवेश आणि संधी दिली, परंतु त्यांची अभिनयशैली घराण्यात उपलब्ध असलेल्या शैलीपासून दूर जाऊन घडली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. घरात राहूनही जिचा घरावरील हक्क अनिश्चित आहे अशी स्त्री हा या शैलीचा मुख्य विषय, तर संयम आणि श्रवण ही तिची मुख्य साधने होत.

घराण्याची पार्श्वभूमी

नूतन यांच्या मातोश्री शोभना समर्थ या बोलपटाच्या पहिल्या दशकातील अग्रगण्य अभिनेत्री होत्या. विजय भट्ट दिग्दर्शित 'भरत मिलाप' (१९४२) आणि 'रामराज्य' (१९४३) या चित्रपटांतील त्यांची सीता देशभर लोकप्रिय झाली. प्रेम अदीब यांचा राम आणि शोभना समर्थ यांची सीता ही जोडी दिनदर्शिकांवरील चित्रांतून घराघरांत पोहोचली. वडील कुमारसेन समर्थ हे दिग्दर्शक होते. आजी रतनबाई चित्रपटांशी निगडित होत्या. नलिनी जयवंत या नात्यातल्याच. धाकटी बहीण तनुजा आणि पुढे भाची काजोल, मुलगा मोहनीश बहल, नात प्रनूतन अशी ही साखळी चार-पाच पिढ्यांपर्यंत जाते.

नूतन यांचे नायिका म्हणून पदार्पण 'हमारी बेटी' (१९५०) या चित्रपटातून झाले. निर्मिती आणि दिग्दर्शन खुद्द शोभना समर्थांचे होते. तनुजा यांनीही त्यात बालकलाकार म्हणून काम केले. म्हणजे घर आणि कामाचे ठिकाण, आई आणि दिग्दर्शक, यांतील सीमारेषा पहिल्याच चित्रपटात पुसली गेली होती. त्यानंतर 'नगीना' (१९५१) आणि झिया सरहदी यांचा 'हम लोग' (१९५१) हे चित्रपट आले. काही वर्षांतच शिक्षणासाठी त्यांना स्वित्झर्लंडला पाठविण्यात आले.

येथे एक सामाजिक तथ्य नोंदविणे आवश्यक आहे. चौदाव्या वर्षी आईच्याच चित्रपटात नायिका होणे, मध्येच काम थांबवून परदेशी जाणे आणि परत आल्यावर पुन्हा नायिका म्हणून उभे राहणे, ही सोय त्या काळातील फारच थोड्या अभिनेत्रींना उपलब्ध होती. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०) हे आत्मकथन वाचणाऱ्यास हा फरक तत्काळ जाणवतो. तेथेही कुटुंब आहे आणि कमावती मुलगी आहे. परंतु थांबण्याची, शिकण्याची, पुन्हा सुरुवात करण्याची मुभा नाही. घराण्याचा खरा लाभ 'रक्तातील' गुणांत नसून अशा मुभेत असतो. ही गोष्ट मान्य केल्यानेच नूतन यांच्या कलेचे मूल्यमापन अधिक प्रामाणिकपणे करता येते.

दुसरीकडे, शोभना समर्थांची अभिनयपद्धती ही पौराणिक चित्रपटाच्या संकेतांना अनुसरणारी होती. पात्र प्रेक्षकांना सन्मुख असते, मुद्रा स्थिर आणि दर्शनीय असते, आणि संवाद स्पष्ट उच्चारांनी उंचावून म्हटले जातात. सीतेच्या भूमिकेस ती पद्धती साजेशी होती. पूजनीयता हेच तेथे उद्दिष्ट होते. नूतन यांच्या प्रौढ अभिनयात या प्रत्येक संकेताचा त्याग झालेला दिसतो. वारसा म्हणजे पूर्वसुरींकडून आलेले तसेच पुढे नेणे असा अर्थ घेतला तर नूतन या आपल्या आईच्या वारसदार ठरत नाहीत.

'सीमा' : संतापाकडून श्रवणाकडे

अमिय चक्रवर्ती दिग्दर्शित 'सीमा' हा नूतन यांच्या कारकिर्दीतील पहिला निर्णायक टप्पा होय. काका-काकूंच्या आश्रयाला असलेली अनाथ गौरी चोरीच्या खोट्या आळामुळे सुधारगृहात येते. पूर्वार्धात नूतन यांनी गौरीचा संताप संपूर्ण देहाने व्यक्त केला आहे. ती आदळआपट करते, मोडतोड करते, कोणाचेच ऐकत नाही. नायिकेच्या रागाला लाडिक रुसव्याचे रूप देण्याची प्रथा असलेल्या काळात हा राग कुरूप होण्यास कचरत नाही, ही बाब लक्षणीय आहे.

परंतु भूमिकेचे मर्म त्यापुढे आहे. बलराज साहनी यांनी साकारलेले व्यवस्थापक अशोकबाबू यांच्या प्रार्थनागीताच्या प्रसंगी गाणारा दुसरा आहे आणि गौरी ऐकणारी आहे. या प्रसंगात नूतन यांच्या अभिनयाचे एक स्थायी सूत्र प्रथम आढळते : ऐकणे ही कृती आहे. चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक भाव 'दाखविण्या'ऐवजी त्या एकच भाव हळूहळू सैल होऊ देतात. याच चित्रपटातून शुभा खोटे यांनी हिंदी पडद्यावर पदार्पण केले. त्याही नाट्य-चित्रपटाशी संबंधित कुटुंबातल्याच. दोन कलावंत कुटुंबांतील दोन मराठी मुली एकाच चित्रपटात असूनही दोघींच्या शैलींत साम्य नाही. शुभा खोटे यांचा भर चापल्यावर, तर नूतन यांचा अंतर्मुखतेवर. कुटुंबाची पार्श्वभूमी शैली ठरवीत नाही, याचे हे एक छोटे परंतु बोलके उदाहरण होय. 'सीमा'साठी नूतन यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांचे वय विशीच्या आतबाहेर होते.

'सोने की चिडिया' : कमावती मुलगी

इस्मत चुगताई यांनी लिहिलेला आणि शाहिद लतीफ यांनी दिग्दर्शित केलेला 'सोने की चिडिया' समीक्षेत तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. अनाथ लक्ष्मी नातेवाइकांच्या घरी ओझे म्हणून वाढते. तिच्या अंगचे गुण उघड होऊन ती प्रसिद्ध अभिनेत्री होताच तेच नातेवाईक तिच्या उत्पन्नावर हक्क सांगू लागतात. तिच्यावर प्रेम करणाराही पैशाकडे पाहून तिला सोडतो. चित्रपटव्यवसायाने स्वतःविषयी केलेल्या परखड विधानांत या चित्रपटाची गणना व्हावयास हवी.

नूतन यांच्या आयुष्यातही पुढे आईशी आर्थिक व्यवहारावरून दुरावा आला आणि तो दीर्घकाळ टिकला, ही जाहीर गोष्ट आहे. त्यामुळे हा चित्रपट म्हणजे त्यांची आत्मकथाच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. कालक्रमच त्याच्या विरुद्ध जातो. चित्रपट १९५८ चा आहे; मायलेकींचा दुरावा त्यानंतरचा आहे. किंबहुना १९६० मध्ये शोभना समर्थांनी दिग्दर्शित केलेल्या 'छबीली'त नूतन यांनी तनुजांबरोबर काम केले आणि स्नेहल भाटकरांच्या संगीतात स्वतः गाणेही गायिले. आयुष्यातील घटनांनी भूमिकेचे स्पष्टीकरण करणे हा मार्ग सोपा असला तरी तो अभिनेत्रीला पुन्हा एकदा कर्तेपणापासून वंचित करतो. 'रक्ता'ऐवजी 'अनुभव' असे कारण दिले, एवढाच काय तो फरक.

चित्रपटातून सिद्ध होते ते निराळेच आहे. लक्ष्मी प्रसिद्ध झाल्यावर नूतन तिच्या वागण्यात ऐट आणीत नाहीत. आश्रित मुलीचा जो संकोच आरंभी तिच्या खांद्यांत आणि मानेत दिसतो, तोच वैभवाच्या काळातही कायम राहतो. घर तिच्या पैशावर चालते, पण घरात वावरण्याची तिची रीत पाहुण्यासारखी आहे. संवादांतून न सांगितलेली ही गोष्ट अभिनयाने पुरविली आहे.

'सुजाता' : 'मुलीसारखी'

बिमल रॉय यांचा 'सुजाता' सुबोध घोष यांच्या कथेवर आधारित आहे. पटकीच्या साथीत आईबाप गमावलेली, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील मुलगी अभियंता उपेंद्रनाथ चौधरी यांच्या घरी वाढते. गृहिणी चारू तिची ओळख 'मुलगी' अशी न करता 'मुलीसारखी' अशी करून देते. संपूर्ण चित्रपट या एका साम्यवाचक प्रत्ययावर उभा आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

नूतन यांनी या 'सारखी'ला शारीर रूप दिले. सुजाता घरातील प्रत्येक काम जाणते, प्रत्येक वस्तू कोठे आहे हे तिला ठाऊक आहे. परंतु ती खोलीच्या मध्यभागी क्वचितच असते. दाराशी, जिन्यापाशी, बागेत, झाडांजवळ तिचा वावर असतो. तिची सावत्रपणाची जाणीव तक्रारीतून येत नाही. बोलावणे येताच ओ देण्याच्या तत्परतेतून येते. या तत्परतेत प्रेम किती आणि भीती किती, हे प्रेक्षकाला वेगळे करता येत नाही. भूमिकेचे यश त्या अविभाज्यतेत आहे.

दूरध्वनीवरील गीताचा प्रसंग या संदर्भात मूलभूत महत्त्वाचा आहे. अधीर दूरध्वनीवरून गातो. तलत महमूद यांचा पार्श्वस्वर आहे. सुजाताला एकही शब्द नाही. हिंदी चित्रपटात गीत हे बहुधा गाणाऱ्याचे असते. येथे ते ऐकणारीचे झाले आहे. ज्या सुखावर आपला हक्क नाही असे तिला वाटते, ते सुख कानाशी येऊन थांबले आहे. नूतन यांनी या प्रसंगात आनंद आणि नकार हे एकामागून एक न आणता एकाच वेळी चेहऱ्यावर राहू दिले आहेत. याला 'नैसर्गिक' म्हणणे म्हणजे कौशल्य न ओळखणे होय. कारण पार्श्वगीताच्या पूर्वमुद्रित स्वराला, कॅमेऱ्याच्या समीपदृश्यात, केवळ श्रवणाने प्रतिसाद देणे ही निसर्गतः घडणारी गोष्ट नव्हे.

या चित्रपटाच्या पात्रयोजनेतील एक तपशील मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. चौधरींच्या बंगाली कुटुंबाच्या या कथेतील चारही प्रमुख स्त्रीभूमिका मराठी अभिनेत्रींनी केल्या आहेत : सुजाता नूतन यांनी, चारू सुलोचना यांनी, सनातनी वृत्तीची वृद्धा ललिता पवार यांनी आणि घरची सख्खी मुलगी रमा शशिकला यांनी. यांपैकी केवळ नूतन या प्रस्थापित चित्रपट-घराण्यातील होत्या. सुलोचना कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडल्या. ललिता पवार मूकपटापासून काम करीत आल्या होत्या. चारूच्या मनातील माया आणि जातिसंस्कार यांतील ओढाताण सुलोचना यांनी ज्या बारकाव्याने दाखविली, ती नूतन यांच्या तोडीची आहे. घराणे ही उत्तम अभिनयाची आवश्यक अट नाही, हे सिद्ध करण्यास या एका चित्रपटाचा पुरावा पुरेसा ठरावा.

चित्रपटाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. जातिभेदाचा प्रश्न येथे गृहिणीच्या हृदयपरिवर्तनाने सुटतो, आणि ते परिवर्तन घडते ते सुजाताचे रक्त चारूला द्यावे लागते तेव्हा. रक्ताला जात नसते हे चित्रपटाला सांगावयाचे आहे. परंतु घरात स्थान मिळविण्यासाठी वंचितानेच आणखी काही दिले पाहिजे, अशी अटही त्यातून नकळत घातली जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणास अवघी तीन वर्षे झाली असताना आलेल्या या चित्रपटात दलित व्यक्ती हक्क मागत नाही, ती केवळ पात्रता सिद्ध करते. नूतन यांच्या संयत अभिनयामुळे हे समर्पण सुंदर होते, आणि म्हणूनच ते अधिक प्रश्नांकितही होते. अभिनयाची गुणवत्ता आणि संहितेची विचारदृष्टी यांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करण्याची गरज येथे स्पष्ट होते.

हलक्याफुलक्या भूमिका : एक आवश्यक दुरुस्ती

नूतन यांना केवळ दुःखी नायिकांच्या अभिनेत्री मानणे एकांगी ठरेल. 'पेइंग गेस्ट' (१९५७), 'दिल्ली का ठग' (१९५८), 'अनाडी' (१९५९) आणि विजय आनंद यांचा 'तेरे घर के सामने' (१९६३) या चित्रपटांत त्यांची विनोदबुद्धी आणि लय यांचा प्रत्यय येतो. 'दिल्ली का ठग'मध्ये पोहण्याच्या पोशाखातील त्यांचे दृश्य त्या काळी चर्चेचा विषय झाले होते. 'तेरे घर के सामने' आणि 'बंदिनी' हे एकाच वर्षीचे चित्रपट आहेत, ही गोष्ट विसरता कामा नये. एकात देव आनंद यांच्याशी चाललेली खेळकर जुगलबंदी आणि दुसऱ्यात कारागृहातील मौन. 'बंदिनी'तील संयम हा स्वभावाचा भाग नसून निवडीचा भाग आहे, हे या तुलनेतून प्रत्ययास येते.

'बंदिनी' : अपराधाचे दायित्व

१९५९ मध्ये नौदल अधिकारी रजनीश बहल यांच्याशी विवाह झाल्यानंतर नूतन यांनी काम कमी केले होते. 'बंदिनी'साठी बिमल रॉय यांनी त्यांनाच गळ घातली. विवाहित आणि माता झालेल्या अभिनेत्रीस नायिकेच्या मुख्य भूमिकेत घेण्यास व्यवसाय अनुत्सुक असण्याच्या काळात ही भूमिका त्यांच्या कारकिर्दीचे शिखर ठरावी, याला विशेष अर्थ आहे.

जरासंध यांच्या बंगाली कथेवर आधारलेल्या या चित्रपटातील कल्याणी खुनाची शिक्षा भोगत आहे. तिचे वडील, खेड्यातील पोस्टमास्तर, यांची भूमिका राजा परांजपे यांनी केली आहे. मराठी प्रेक्षकाला आपल्या परिचयाच्या या थोर दिग्दर्शक-नटाचे दर्शन येथे अनपेक्षितपणे घडते. पितापुत्रीच्या त्या शांत प्रसंगांमुळेच पुढील पडझडीला वजन येते. क्रांतिकारक बिकाशशी नाव जोडले जाऊन कल्याणीची बदनामी होते. तो परतत नाही. ती घर सोडते आणि एका रुग्णालयात सेविकेचे काम करू लागते. ज्या विक्षिप्त रुग्णस्त्रीचे अपमान ती सोसते ती बिकाशची पत्नी निघते, आणि त्याच वेळी वडिलांच्या मृत्यूची वार्ता येते.

विषप्रयोगाचा प्रसंग भारतीय चित्रपटातील अभिनयाचा वस्तुपाठ म्हणून अभ्यासिला जावा असा आहे. बाहेर लोखंडावर घणाचे घाव पडत आहेत, वेल्डिंगच्या ठिणग्यांचा प्रकाश कल्याणीच्या चेहऱ्यावर पडतो आणि विझतो, स्टोव्ह पेटतो आहे. कमल बोस यांचे छायाचित्रण आणि ध्वनियोजना यांनी अंतरंगातील वादळ बाहेर मांडले आहे. अशा वेळी नट दोन चुका करू शकतो : या बाह्य तीव्रतेशी स्पर्धा करणे किंवा पूर्ण निष्क्रिय राहणे. नूतन यांनी तिसरा मार्ग घेतला. चेहरा जवळजवळ स्थिर आहे, पण ती स्थिरता रिकामी नाही. एखादा निर्णय आत घडत असताना मनुष्य जसा बाहेरच्या जगाला क्षणभर मुकतो, तशी ती आहे. विशेष म्हणजे कृत्यानंतर कल्याणी स्वतःच अपराध कबूल करते. नूतन यांनी तिला दयेचा विषय होऊ दिले नाही. ती आपल्या कृत्याची कर्ती आहे.

शेवटी डॉक्टर देवेंद्रच्या घरचे सुरक्षित भवितव्य सोडून ती आगबोटीकडे, आजारी बिकाशकडे धाव घेते. स्त्रीवादी दृष्टिकोनातून या निवडीवर आक्षेप घेता येतो. प्रतिष्ठित संसार नाकारून ती पुन्हा सेवेचीच वाट स्वीकारते. परंतु प्रसंगाची रचना पाहता असेही म्हणता येते की, इतरांच्या घरी 'राहण्या'चा तिचा इतिहास येथे संपतो. गौरी, लक्ष्मी, सुजाता या तिघींना घर कोणीतरी दिले होते. कल्याणी प्रथमच, मिळत असलेले घर नाकारते. 'बंदिनी'ला सहा फिल्मफेअर पुरस्कार लाभले. त्यांत नूतन यांचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार होता.

'सौदागर' : हाताचे मोल

सुधेंदु रॉय दिग्दर्शित 'सौदागर' नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवर आधारित आहे. खजुरीचा रस काढणारा मोती, रसापासून उत्तम गूळ करणाऱ्या माजुबी या विधवेशी निकाह करतो. तिच्यावरील प्रेमापोटी नव्हे, तर तिच्या कसबावर पैसा मिळवून फुलबानूचा मेहर भरता यावा म्हणून. हेतू साधताच तो तिला तलाक देतो. फुलबानूच्या हातून मात्र तसा गूळ होत नाही, आणि मोतीचा बाजार बसतो.

कथेचा आशय सरळ आहे : रस तोच, झाडे तीच, परंतु हात बदलला की गूळ बदलतो. नूतन यांनी माजुबीची कामातील तल्लीनता ज्या तपशिलाने दाखविली आहे ती पाहता या आशयाचे सर्व वजन त्या अभिनयावर पडते. चुलीसमोरची बैठक, आचेकडे लागलेले डोळे, रस दाट होत असताना ढवळण्याचा बदलणारा वेग यांतून माजुबी प्रथम कारागीर म्हणून उभी राहते आणि मग पत्नी म्हणून. त्यामुळे तलाकाचा प्रसंग दुहेरी फसवणुकीचा होतो. स्त्रीची फसवणूक आणि तिच्या श्रमांची लूट. अखेरीस रसाची भांडी घेऊन मोती तिच्या नव्या घरी येतो तेव्हा नूतन यांनी विजयाचा भाव येऊ दिलेला नाही. तो भाव आणणे सोपे होते, आणि प्रेक्षकांना तो रुचलाही असता. त्याऐवजी दोन्ही स्त्रियांच्या समान दुःखावर चित्रपट थांबतो.

वारसा आणि कला यांच्या संबंधावर प्रकाश टाकणारा याहून समर्पक दृष्टान्त नूतन यांच्याच कारकिर्दीत दुसरा नाही. घराण्याकडून कच्चा माल मिळू शकतो. तो आटविण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते.

उत्तरार्ध आणि त्याच्या मर्यादा

'मिलन' (१९६७) या चित्रपटाने नूतन यांना चौथा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. 'सरस्वतीचंद्र' (१९६८) या गोवर्धनराम त्रिपाठी यांच्या गुजराती कादंबरीवरील चित्रपटातील कुमुदही गाजली. १९७४ मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. राज खोसला दिग्दर्शित 'मैं तुलसी तेरे आंगन की' हा चंद्रकांत काकोडकर यांच्या 'अशी तुझी प्रीत' या मराठी कादंबरीवर आधारित चित्रपट. त्यातील संजुक्तासाठी पाचव्यांदा हा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. नायिकेचे आयुष्य तिशीतच संपविणाऱ्या व्यवसायात ही असामान्य गोष्ट होती.

संजुक्ताच्या भूमिकेचा विचार मात्र सावधपणे केला पाहिजे. पतीच्या मृत्यूनंतर ती त्याच्या प्रेयसीच्या मुलाला घरी आणते आणि स्वतःच्या मुलापेक्षा त्याला झुकते माप देते. येथे नूतन प्रथमच घराच्या स्वामिनी आहेत. घरात स्थान देण्याचा अधिकार आता त्यांच्या पात्राकडे आहे. 'सुजाता'तील चारूच्या जागी त्या आल्या आहेत असे म्हणता येईल. तथापि संहिता या अधिकाराचे रूपांतर त्यागाच्या गौरवात करते. पतीच्या वर्तनाचे दायित्व कोणीच घेत नाही. त्याची भरपाई दोन स्त्रिया करतात. नूतन यांच्या चेहऱ्यावर अधूनमधून उमटणारा कठोरपणा संहितेच्या या भाबडेपणाला छेद देतो, परंतु तो तिला बदलू शकत नाही. 'मेरी जंग' (१९८५) मध्ये पतीला अन्यायाने झालेल्या फाशीने मनोभंग झालेली माता त्यांनी उभी केली आणि सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळविला. 'कर्मा' (१९८६) मध्ये दिलीपकुमार यांच्यासमवेत काम करण्याचा योग आला. परंतु तोवर दोघांच्याही कारकिर्दीचा बहर ओसरला होता. चरित्रभूमिकांच्या या काळात 'सौदागर'सारखी संहिता त्यांना पुन्हा लाभली नाही. ही उणीव अभिनेत्रीची नसून, प्रौढ स्त्रीसाठी मातृत्वापलीकडे भूमिका न लिहिणाऱ्या चित्रपटसृष्टीची आहे. २१ फेब्रुवारी १९९१ रोजी कर्करोगाने मुंबईत त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या चौपन्न वर्षांच्या होत्या.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. चित्रपट-घराण्यातील जन्माने नूतन यांना लवकर प्रवेश, शिक्षणाची सवड आणि पुनरागमनाची संधी दिली. हा लाभ वास्तव आहे. परंतु तो सामाजिक स्वरूपाचा आहे, जैविक नव्हे.

२. त्यांची प्रौढ अभिनयशैली आईच्या पिढीच्या पौराणिक, सन्मुख, उच्चारप्रधान शैलीपासून दूर जाऊन घडली. श्रवण, संयम आणि देहाची संकोचलेली ठेवण ही तिची साधने होत.

३. 'सीमा' ते 'सौदागर' या कालखंडातील त्यांच्या श्रेष्ठ भूमिका घरातील अनिश्चित स्थान असलेल्या स्त्रियांच्या आहेत. या भूमिकांना आत्मचरित्र समजणे कालक्रमाच्या आणि कलाविचाराच्या दृष्टीने सदोष आहे.

४. जात, विवाह आणि त्याग यांविषयी या चित्रपटांची भूमिका अनेकदा समझोत्याची आहे. अभिनयाच्या श्रेष्ठतेमुळे तिच्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

काजोल यांनी २०११ मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पाचवा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून मावशीची बरोबरी केली, तेव्हा पुन्हा एकदा 'रक्ता'तील अभिनयाची भाषा करणे सोपे होते. ज्या अभिनेत्रीची एक थोर भूमिका 'रक्ताला जात नसते' हे सांगण्यासाठी लिहिली गेली, तिचे मोठेपण मात्र रक्तानेच सिद्ध करावयाचे, ही विसंगती मराठी चित्रपट-समीक्षेने आता सोडून द्यावयास हवी. सुजाताला घरात जागा मिळाली ती तिच्या रक्तामुळे. नूतन यांना अभिनयाच्या इतिहासात जागा मिळाली ती त्यांच्या कामामुळे.